खिळे शोधणारं यंत्र समुद्रावर

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे मी तिथे नेमकं काय करतो, हे घरी सांगायचं म्हटलं की माझी पंचाईत व्हायची. वडील नागपूरच्या लकडगंजातल्या एका आरागिरणीत करवतीवर होते. संध्याकाळी सायकलनं सक्करदऱ्याला घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांतसुद्धा सागाचा भुसा असायचा. हातपाय धुण्याआधी ते ओट्यावर टेकायचे आणि विचारायचे, "आज काय शिकवलं गा?" मी अडखळत काहीतरी सांगायचो. ते अगदी गंभीरपणे मान हलवायचे आणि भुसा त्यांच्या मांडीवर पडायचा.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगावी लागली नाही, ती त्यांच्याच कामातून निघाली. गिरणीत येणाऱ्या ओंडक्यांत कधी कधी खिळे असतात. कोणी शेतातल्या झाडाला कुंपणाची तार ठोकतो, कोणी कंदील टांगायला खिळा मारतो. झाड वाढत जातं आणि खिळा पोटात घेतं. मग वीस वर्षांनी करवत त्याच्यावर आदळते आणि तिचा दात उडतो. असाच एक दात वडिलांच्या डाव्या भुवईवर लागला होता. त्याची खूण शेवटपर्यंत राहिली.

म्हणून ओंडका लावण्याआधी ते छोट्या हातोडीनं तो ठोकत जायचे, कान लावायचे आणि जिथे शंका येईल तिथे गेरूची फुली मारायचे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायचे. मीही त्या लहानपणापासून ऐकत आलो होतो. "चालत्या करवतीले पाठ द्यायची नाई. अन आवाज बदलला का आधी हात बाहेर, मंग लाकडाकडे पाह्य."

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी ते यंत्र केलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सीताबर्डीवरच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून जुने सुटे भाग आणले. आईच्या मोडक्या चाळणीचं लाकडी कडं घेतलं, त्यावर तांब्याची तार गुंडाळली आणि वरून मेण ओतलं. दांडा वडिलांनी दिला, रंधा मारून, सागाचा. गळ्यात घरचा ट्रान्झिस्टर अडकवायचा, कानात त्याची ऐकायची गुंडी घालायची. आत एक बारीक शिट्टी वाजत राहायची. कड्याखाली धातू आला की तिचा सूर चढायचा. शाळेत शिकलेलं आणि कॉलेजात शिकलेलं सगळं त्या एका शिट्टीत होतं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

पहिल्याच दिवशी यंत्रानं कडुलिंबाच्या ओंडक्यात तीन खिळे दाखवले. वडिलांनी तिथे फुल्या मारल्या, छिन्नीनं खिळे काढले आणि हातावर ठेवून सगळ्या गिरणीला दाखवून आले. मला काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "कॉलेजात काई तं शिकवून राहिले वं याले."

आमचे भौतिकशास्त्राचे सर मूळचे कोकणातले. त्यांनी ते यंत्र पाहिलं, दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "सहलीला घेऊन ये. माझ्या गावी समुद्रावर बघू काय सापडतं ते." दिवाळीनंतर आमच्या वर्गाची सहल त्यांच्या गावी जाणार होती.

मी समुद्र पाहिला नव्हता. आमच्या वर्गात सरांखेरीज कोणीच पाहिला नसावा. यंत्र पाण्यात चालतं का हे बघायला मी ते सक्करदऱ्याच्या तलावावर नेलं. कड्यावर आणखी मेण चढवलं, आईचा पितळी तांब्या गुडघाभर पाण्यात बुडवला आणि शोधला. तीनदा बुडवला, तीनदा सापडला. काठावर कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "त्यानं स्वतःच टाकला वं तांब्या, अन स्वतःच शोधून राहिला." बाकीच्या हसल्या. मीही हसलो, पण आतून फार खूश होतो.

रात्री जेवताना आईनं विचारलं, "समुद्राचं पाणी खारं असते म्हणते ना?"

"हाव."

"मंग मिठाच्या पाण्यात काहून नाई पाह्यलं बुडवून?"

मी म्हणालो, आई, पाणी ते पाणी. धातू शोधायचा आहे, भाजी नाही करायची. वडील हसले. आई हसली नाही. पुढचं वाक्य लिहिताना मला अजून लाज वाटते. खारं पाणी वीज वाहून नेतं, हे मी त्याच वर्षी प्रयोगवहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

*

आमच्या वर्गात तीन मुली होत्या. त्यातली एक कोराडीच्या वसाहतीतून रोज बसनं यायची. तिचा भाऊ वीज केंद्रात कामाला होता. आमच्यात बोलणं म्हणजे "अहो, वही देता का" आणि "घ्या ना", एवढंच. वर्गातली मुलं-मुली एकमेकांना तुम्हीच म्हणत. तिच्याही घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. हे मला गाडीत कळलं. भाऊ सहलीला नाहीच म्हणत होता. वहिनी मध्ये पडली. तिनं नवऱ्याला सांगितलं, जबाबदारी माझी, आणि निघताना स्वतःची लग्नातली अंगठी काढून नणंदेच्या बोटात घातली. म्हणाली, फोटोत हात उघडे दिसायले नको.

गावी पोचल्यावर आम्ही माडांच्या मधून धावतच निघालो आणि समुद्र दिसला तेव्हा सगळे जागच्या जागी थांबलो. एक जण हळूच म्हणाला, "अबे, पलीकडचा काठच नाही याले." सरांना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढला.

अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते आणि दूर कुठेतरी वादळ होतं, असं गावातले लोक म्हणत होते. लाटा मोठ्या होत्या. सरांनी बजावलं, घोट्याच्या वर पाणी येईल इतकं कोणी जायचं नाही. आम्ही हो म्हणालो. पण घोटाभर पाण्यात उभं राहिलं आणि लाट आली की ते गुडघाभर होतं, हे तलावाकाठच्या माणसाला कसं कळणार? फोटो काढताना मुली हातात हात घालून उभ्या होत्या. लाट आली, सगळ्या किंचाळत पडल्या, हसत उठल्या. एक मात्र हसत नव्हती. ती पाण्यात हात घालून चाचपडत होती.

अंगठी सैलच होती. वहिनीचं बोट जाड.

ती रडली नाही. फक्त म्हणाली, "वहिनीच्या भरवशावर आली मी. आता दादा तिले काय म्हणन, ते सोडा. मले कॉलेजात पाठवन का?"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वर्गात कधी हात वर न करणारा माणूस. पण यंत्र माझ्या गळ्यात होतं.

मी पाण्यात शिरलो. कडं खाली धरलं आणि कानात इतकी जोरात शिट्टी वाजली की मी दचकलो. दोन पावलं पुढे गेलो, तीच शिट्टी. डावीकडे तीच, उजवीकडे तीच. सगळा समुद्रच धातूचा झाला होता. मला आईचा चेहरा आठवला आणि मी मान खाली घालून तसाच उभा राहिलो. सूर खाली यावा म्हणून किनाऱ्याकडे तोंड करून ट्रान्झिस्टरचं चाक फिरवायला लागलो.

म्हणजे समुद्राकडे पाठ करून.

लाट आली ती मला दिसलीच नाही. कोणीतरी पायाखालची सतरंजी ओढावी तसे पाय गेले. तोंडात वाळू, नाकात पाणी, वर कुठे आणि खाली कुठे कळेना. मग एका हातानं माझी कॉलर धरली आणि मला पोत्यासारखं ओढत कोरड्या वाळूवर आणून टाकलं.

तो एक म्हातारा कोळी होता. गावातले लोक त्याला तांडेल म्हणत, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. तो आमच्या मागेच जाळं विणत बसला होता. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग गळ्यातल्या ट्रान्झिस्टरकडे.

"गाणी ऐकायला गेला होतास काय रे पाण्यात?"

सगळे हसले. मीही खोकत खोकत हसलो. त्यानं विचारलं, "गाव कुठलं?"

"नागपूर."

"तिथे समुद्र नाही वाटतं." मग तो माझ्या शेजारी उकिडवा बसला. "ऐक. समुद्राला पाठ दाखवायची नाही. कधीच."

हे वाक्य मी एक हजार किलोमीटर दूरवर, भुशाच्या ढिगात उभा राहून शंभरदा ऐकलं होतं.

*

अंगठी कुठे पडली ते तांडेलानं मुलींना विचारलं. मग म्हणाला, घाई करू नका. आता ओहोटी लागली आहे, दोन-अडीच तासांत ती जागा बरीच उघडी पडेल. सोनं जड असतं, ते लांब जात नाही. लाट फुटते तिथे वाळूत पायरीसारखा खळगा होतो, त्यात जाऊन बसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची परतीची गाडी होती. म्हणजे ही एकच ओहोटी आमच्या हातात होती आणि तिच्या शेवटी अंधार.

ट्रान्झिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत होता म्हणून वाचला होता. ते दोन-अडीच तास मी ओल्या वाळूवर बसून यंत्राशी खटपट केली. ओल्या वाळूवर शिट्टी सतत चढलेलीच होती, पण ती सगळीकडे सारखी चढलेली होती. म्हणजे तिथेच चाक फिरवून सूर खाली आणायचा. अडचण अशी की कडं बोटभर वरखाली झालं तरी सूर बदलायचा. शेवटी मी माझी रबरी चप्पल काढली आणि सुतळीनं कड्याच्या खाली बांधली. आता कडं वाळूवरून चपलेवर सरकत जायचं, नेहमी एकाच उंचीवर. एक मित्र म्हणाला, "अबे, यंत्र चालायले लागलं. दुसरी बी घाल त्याले." सरांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे पुस्तकात नाही." सरांनी केलेलं कौतुक तेवढंच. पण मी ते अजून जपून ठेवलं आहे.

मुलांनी विहिरीत उतरणाऱ्याला बांधतात तसा माझ्या कमरेला दोर बांधायचं ठरवलं होतं. तांडेलानं तो सोडायला लावला. "दोर पायात गुंतला तर लाट तुला त्यातच गुंडाळील. दोर नको, डोळे हवेत. एकानं वर उभं राहायचं आणि फक्त समुद्र बघायचा. खाली हा काय करतो ते बघायचं नाही. मोठी लाट उठली की ओरडायचं. आणि तू," तो माझ्याकडे वळला, "हाक आली की सगळं सोडून वर यायचं. आडवं उभं राहून शोध, म्हणजे एक डोळा समुद्रावर राहतो."

मी उभी राहीन, असं ती म्हणाली. "आवाज मोठा आहे माझा."

मी म्हणालो, "अहो, पण तुम्हाला इकडे बघता येणार नाही. सापडली तरी."

"नाही बघणार."

ती उंचवट्यावर जाऊन उभी राहिली, पदर खोचून. ज्याचं हरवलं आहे त्यानं शोधणाऱ्याकडे बघायचंच नाही, हे किती कठीण असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. नंतर खूपदा केला.

साडेचार वाजून गेले होते. मी एका टोकापासून सुरुवात केली. शेताला पाणी द्यावं तशा सरळ ओळी धरल्या. मध्येच पाणी सरसरत यायचं, शिट्टी किंचाळायची, पाणी गेलं की पुन्हा सूर लावायचा. पहिल्यांदा सूर चढला तेव्हा सगळे धावले. सोडावॉटरच्या बाटलीचं झाकण निघालं. दुसऱ्यांदा होडीचा तांब्याचा खिळा, हिरवा पडलेला. तो मी खिशात टाकला. तिसऱ्यांदा पुन्हा झाकण. प्रत्येक वेळी मुलं ओरडायची, आणि प्रत्येक वेळी मी वर बघायचो. ती समुद्राकडेच तोंड करून उभी असायची.

"लाट," ती ओरडायची, आणि आम्ही वर पळायचो. असं सात-आठ वेळा झालं. दोनदा लाट काही तेवढी मोठी निघाली नाही. एक मुलगा पुटपुटला, उगाच पळवतात. तांडेल म्हणाला, "पळून घे. पळायला पैसे पडत नाहीत."

सूर्य पाण्याला टेकायला आला होता तेव्हा मी शेवटच्या ओळीत होतो, खळग्याच्या कडेला, पोटरीभर पाण्यात. पाणी मागे गेलं. मी सूर लावला, चप्पल सरकवली, आणि शिट्टी चढली. छोटीशी, हातभर जागेत. मागे सरकवली, उतरली. पुढे आणली, चढली. मी गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हात वाळूत घातले. बोटांना काहीतरी गोल लागलं असं वाटलं. खरंच लागलं होतं की वाटलं, हे मी आज सांगू शकणार नाही.

"लाट. मोठी आहे. वर या."

फक्त एक क्षण, असं माझ्या मनात आलं. आणखी एक मूठ वाळू. सोडलं तर खड्डा बुजेल, जागा हरवेल, अंधार पडेल, आणि ती घरी काय सांगेल? पण कानात शिट्टीच्या मागे दुसराच आवाज होता. घरातला. आधी हात बाहेर, मंग लाकडाकडे पाह्य.

मी हात बाहेर काढले. यंत्र उचललं आणि पळालो. माझ्या मागे ती लाट फुटली तेव्हा वाळू हादरल्याचं पायांना कळलं. पाणी आमच्या मागे उंचवट्यापर्यंत आलं आणि परत जाताना खड्डा, पावलं, ओळी सगळं पुसून घेऊन गेलं. वाळू अशी गुळगुळीत झाली होती की जणू तिथे कोणी आलंच नव्हतं.

मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो. तिनं समुद्रावरची नजर न काढता विचारलं, "होती?"

"वाटतं, होती."

"तुम्ही आले ना वर. बस."

मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात तांडेलानं माझ्या पाठीवर थाप मारली. "जागा कुठे जाते? बस, मी बघत होतो. तो तिरका माड आणि त्याच्या मागे देवळाचा कळस, एका रेघेत. हिकडे त्या काळ्या खडकाचं टोक आणि माझ्या होडीची काठी, एका रेघेत. दोन रेघा मिळतात तिथे तू बसला होतास. आम्ही पाण्यात जाळ्याची जागा अशीच धरतो."

आणखी दोन लाटा जाऊ दिल्या. मग तो मला हातानं खुणा करत गेला. थोडं डावीकडे, आणखी, बस. मी माड बघितला, कळस बघितला, खडक बघितला. सूर लावला. चप्पल सरकवली.

शिट्टी चढली.

चार बोटं खोल होती. वाळूनं भरलेली, छोटी, आणि उजेड कमी असूनही पिवळी. मी ती मुठीत धरली आणि आधी समुद्राकडे पाहिलं. मग वर चढून आलो. मुलं नाचत होती, सर टाळ्या वाजवत होते. ती अजून समुद्राकडेच बघत होती.

"अहो," मी म्हणालो, "आता बघा. सगळे वर आलो."

तिनं आधी आम्हाला मोजलं. मग माझ्या हातात पाहिलं.

*

तांब्याचा खिळा मी वडिलांना दिला. त्यांनी तो उलटापालटा केला, दातांनी चावून बघितला आणि म्हणाले, "होडीचं लाकूड कोणतं गा?" मी विचारलंच नव्हतं. लाट कशी आली आणि मी हात कसे बाहेर काढले, ते मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते नुसते भुवईवरची खूण चोळत होते.

आईला मी मिठाचं सांगितलं. ती म्हणाली, "मी काय बोलली होती?" तिला तेवढं पुरे होतं.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी ती कोराडीची मुलगी आमच्या घरी आली, सोबत वहिनी. तिनं घरी सगळं खरं सांगून टाकलं होतं. अंगठी परत मिळाली होती, सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं बसचा पास आणून दिला. वहिनीला आता ते यंत्र बघायचं होतं.

"मले ऐकू द्या तो आवाज कसा येते," ती म्हणाली. जाड, हसरी बाई होती. मी गुंडी तिच्या कानात दिली. चप्पल अजून कड्याखाली बांधलेलीच होती. ती बघून वहिनी इतकी हसली की गुंडी कानातून पडली.

आई आत गेली आणि पाण्यानं भरलेली मातीची परात घेऊन आली. दुसऱ्या हातात मिठाचा डबा होता. तिनं दोन मुठी मीठ टाकून पाणी ढवळलं, बोट बुडवून चाखलं, आणखी एक मूठ टाकली.

"घाला वं हात," ती वहिनीला म्हणाली. "आता लाव गा सूर."

मी सूर लावला. वहिनीनं अंगठीचा हात परातीत बुडवला, कान टवकारला आणि तिचे डोळे मोठे झाले. मग तिनं गुंडी नणंदेच्या कानात दिली, तिनं माझ्या आईच्या, आणि आईनं ओट्यावर बसलेल्या वडिलांना हाक मारली. ते भुसा झटकत आले.